राखणीपासून लाटण्यापर्यंत

आमच्या घरात मुलाला पहिली नोकरी चौथ्या-पाचव्या वर्षी लागायची. कामाची जागा शेजारच्या काकूंची गच्ची, हत्यार एक काठी, काम वाळवणावरचे कावळे हाकण्याचं. पगार म्हणून दुपारी वाटीभर गव्हाचा गरम चीक, वर दूध-साखर. बढती दर उन्हाळ्यात मिळे आणि राजीनामा द्यायची सोय नव्हती.

मी सांगते आहे ती गोष्ट वाईच्या मधल्या आळीतली, १९६० च्या आसपासची. पण ही पद्धत काही आमच्या घरानं शोधून काढलेली नव्हती. चैत्र लागला की महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत पापड, कुरडया, सांडगे, शेवया सुरू होत आणि घरातलं प्रत्येक पोर त्याच्या वयाप्रमाणे कामाला जुंपलं जाई. आता 'जीवनकौशल्यं' म्हणून शिबिरं भरतात, तिथे पालक पैसे भरून पोरांना कणीक मळायला पाठवतात. माझा त्यावर राग नाही. मात्र या शिक्षणाला एक जुना इतिहास आहे, त्यात गोडवा आहे तसा अन्यायही आहे, आणि तो कुणी फारसा लिहिलेला नाही. पुरुषांनी लिहिला नाही कारण ते खाली ओसरीवर होते. बायकांनी लिहिला नाही कारण त्यांचे हात पिठात होते.

हे सगळं चैत्र-वैशाखाच्या उन्हातच का, याचं उत्तर शेतात आहे. रब्बीचा गहू फाल्गुनात घरात येतो, नव्या डाळी येतात, धान्य त्या वेळी स्वस्त असतं. ऊन कडक असतं आणि हवेत ओल नसते. पुढे चार महिने पाऊस. त्या दिवसांत पूर्वी बाजारात भाजी अशी नसायचीच, आणि असली तरी चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं अनेक घरांत वर्ज्य. मग सांडग्यांची आमटी, भाजलेला पापड, तळलेली कुरडई यांवर जेवण निभवायचं. म्हणजे मे महिन्यात गच्चीवर वाळत असे तो श्रावणातला स्वयंपाक. त्यात इंग्रजी अमदानीत शाळांना उन्हाळ्याची लांब सुट्टी पडू लागली. ही सुट्टी नेमकी घरच्या कामाच्या हंगामावर येऊन बसली, आणि आमच्यासारख्यांच्या हातून पाटी सुटली की लगेच काठी आली.

राखण हलकं काम समजू नका. कुरडईमागे तीन दिवसांचं भिजवण असतं. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी आंबूस वास आला की दाणा चिमटीत दाबून बघायचा. ही परीक्षा आजी मुद्दाम पोरांकडून करून घेई. "दाब गं, चीक सुटतो का बघ," एवढंच म्हणायची. दाणा फुटून पांढरं दूध बोटावर आलं की गहू तयार. मग ते पाट्यावर वाटायचे, पाण्यात कोळून चोथा पिळून काढायचा. चोथ्याच्या भुसवड्या होत, टाकायचं काही नाही. गाळलेलं पाणी रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळी वर पिवळसर निवळ आणि तळाला घट्ट पांढरा चीक. निवळ ओतून टाकताना तळ ढवळू द्यायचा नाही. पातेलं तिरकं कसं आणि किती धरायचं हे मला कुणी शब्दांत सांगितलेलं नाही. आत्याच्या हाताखाली माझा हात असे, आणि तिनं थांबवलं की मी थांबत असे.

चीक शिजवणं हे मोठ्यांचं काम. चिकाएवढंच पाणी मीठ-हिंग घालून उकळवायचं, एकीनं चीक सोडायचा, दुसरीनं ढवळायचं, गुठळी होता कामा नये. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायचा. आणि मीठ? ते जिभेला थोडं कमीच लागलं पाहिजे. ओल्या चिकात बरोबर लागलेलं मीठ वाळलेल्या कुरडईत खारट होतं, कारण पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. हे तत्त्व पुढे शाळेत बाष्पीभवनाच्या धड्यात भेटलं तेव्हा गुरुजींना वाटलं मी हुशार आहे.

मग सोऱ्या. लाकडी सोऱ्या दाबायला जोर लागे, म्हणून तिथे दादाला बोलावत. कुरडया जुन्या धोतरावर घालायच्या. वाळल्यावर त्या कापडाला चिकटून बसत, तेव्हा कापड उलटं करून मागून पाण्याचा हलका शिपका मारायचा आणि एकेक सोडवून घ्यायची. हे काम सहा-सात वर्षांच्या पोरांचं, कारण बोटं लहान आणि घाई करण्याइतकी अक्कल अजून आलेली नसे. प्लॅस्टिकचा कागद आला आणि ही जागाच रद्द झाली.

पापडाची शिडी निराळी. उडदाचं पीठ पापडखाराच्या पाण्यात घट्ट भिजवून तेलाचा हात लावत कुटायचं. त्यासाठी आमच्याकडे दोघी बायका रोजावर येत. त्यांची मुलं बरोबर असत, ती आमच्यात खेळत आणि कामही करत, पण त्यांच्या कामाला कुणी शिकणं म्हणत नसे. तो फरक मला फार उशिरा दिसला. कुटलेल्या पिठाचा लांब वळा करायचा, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं आणि एकसारख्या लाट्या कापायच्या. लाट्या मोजणं हे पोरांचं. शेकड्यात हिशेब असे, पंचविसांचा एक ढीग, चार ढीग म्हणजे शेकडा. ढिगात चोवीस निघाल्या की सगळ्यांची तोंडं हुंगली जात, कारण तेलात बुडवलेली कच्ची लाटी खाण्यासारखं सुख नाही आणि हिंगाचा वास लपत नाही. पापड थेट उन्हात टाकायचे नाहीत, आधी सावलीत. कडा वर उचलायच्या आत उलटायचे, नाहीतर द्रोण होतो आणि डब्यात मावत नाही. लाटणं हातात यायला अकरावं-बारावं वर्ष उजाडे. त्याच्या आधी पोळपाटाजवळ बसायचं ते काकूनं लाटलेला पापड तळव्यावर झेलून कापडावर नेऊन घालायला. झेलता झेलता जाडी कळते. एक कड जाड असली तर पापड तळहातावर त्या बाजूला कलतो.

आणि गव्हले. ते वळता यावे लागत. रव्याची कणीक दुधात भिजवायची, तिचा कण चिमटीत घेऊन अंगठा आणि बोट यांत फिरवायचा, दोन्ही टोकं निमुळती, आकार गव्हाच्या दाण्याचा. नखावर दाबला की नखुला. बोटभर दोर गुंडाळून केला की बोटवा. लग्नघरात कामाचा मुहूर्त याच वस्तूंनी व्हायचा. सवाष्णी जमून पहिले गव्हले वळत, पहिले सांडगे घालत, आणि रुखवतात ताटंच्या ताटं मांडली जात. गव्हले वळता येतात का हे मुलगी बघायला आलेल्या बायका खुशाल विचारीत. खिरीला गव्हले मूठभर लागतात. ती मूठ भरायला एका दुपारची चार बोटं लागतात. माझ्या आत्याला ते डोळे मिटून येत, आणि ती तेव्हा गप्पा मारत नसे, हिशेब करत असे. कुणाकडे किती देणं, कुणाचं बाळंतपण केव्हा. घर चालवायचं गणित ती तिथे बसून सोडवी, आणि आम्ही ऐकत असू.

प्रदेशाप्रमाणे ही शाळा बदलते. खानदेशात ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापड. बिबड्यांसाठी पहाटे अंधारात मोठ्या पातेल्यात घाटा शिजतो आणि ऊन वर यायच्या आत ओल्या हातानं कापडावर थापून होतात. गल्लीतल्या बायका आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी अशा पाळीनं जातात. विदर्भात सरगुंडे. कोकणात तर ऊन वाया घालवणं पापच. आंबापोळी, फणसपोळी, फणसाचे पापड, आणि रातांब्यांची आमसुलं. रातांबे फोडून बिया काढणं हे पोरांचं काम, साली मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवणं हे मोठ्यांचं. बोटं लाल व्हायची ती शाळा सुरू झाली तरी लालच. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त पत्रावळ लावायला शिकण्याचं एक स्वतंत्र प्रकरण आहे, ते काही उगाच नाही. पालगडच्या त्या घरात पान लावता येणं ही जेवणाची पहिली पायरी होती, आणि तिथे शिकणारा मुलगा होता हे मला विशेष वाटतं. बाकी महाराष्ट्रात मुलग्यांना असं शिकवणारी आई दुर्मीळ.

इथे इतिहास थोडा कडू होतो. घरकाम शिकणं ही मुलींच्या शिक्षणाची पहिली इयत्ता होती हे खरं, पण तीच शेवटची ठेवायचीही खटपट झाली. पुण्यात १८८४ साली मुलींची हुजूरपागा शाळा निघाली. तिथे इंग्रजी, गणित, इतिहास असं सगळं. तीन वर्षांत टिळकांच्या 'मराठा' पत्रातून तिच्या अभ्यासक्रमावर टीका होऊ लागली. मुलींना दिवसभर शाळेत बसवलं तर त्या घरचं काम कधी शिकणार, असा त्याचा रोख. आजीला हा वाद ठाऊक असता तर ती कुणाच्या बाजूची झाली असती, मला सांगता येत नाही. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती आणि नातीनं मॅट्रिक व्हावं असं तिला मनापासून वाटे, पण चैत्रात नव्हे. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त लिहिलं आहे की त्या वाचायला-लिहायला शिकत होत्या तेव्हा घरातल्या थोरल्या बायकांनी त्यांना किती टोमणे मारले. स्वयंपाकघर आणि पुस्तक यांत निवड करायला लावणारी ती घरं होती. पापड लाटणं वाईट नव्हतं. पापड लाटायचे म्हणून पुस्तक मिटायचं, हे वाईट होतं.

धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा त्यांनी दुसरी वाट धरली. शिक्षण मराठीतून, आणि गृहव्यवस्था, आरोग्य हे विषय अभ्यासक्रमाच्या आत. काहींना ही तडजोड वाटली. मला ती हुशारी वाटते, पण अर्धी. घरकामाला परीक्षेचा विषय करून कर्व्यांनी त्याला मान दिला आणि त्याच वेळी तो मुलींचाच विषय आहे यावर शिक्कामोर्तबही केलं. मुलग्यांच्या कॉलेजात असा पेपर कुणी ठेवला नाही.

त्याच काळात हातातली विद्या कागदावर येऊ लागली. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' विसाव्या शतकाच्या आरंभी आलं. पुढे १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा', वाटी-चमच्याच्या मापांसह. ते घरोघर गेलं याचं कारण उघड आहे. नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेलेल्या जोडप्यांच्या घरात आत्या नव्हती. माझ्या लग्नात मलाही ते मिळालं. त्यातून मी पुष्कळ शिकले, पण पातेलं किती तिरकं धरायचं हे कोणत्याही पुस्तकाला लिहिता येत नाही.

एक गंमत सांगते. मारिया माँटेसोरी १९३९ साली भारतात आल्या, महायुद्धामुळे अडकल्या आणि पुढे कित्येक वर्षं इथे शिक्षक घडवत राहिल्या. त्यांच्या पद्धतीत लहान मुलांसाठी पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणं, धान्य वेगळं करणं, कापडाची घडी घालणं हे रीतसर पाठ आहेत. पुढे बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, मग कोसबाडला. तिथे आंघोळ, केस विंचरणं, अंगण झाडणं इथपासून सुरुवात होती, आणि महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पानं. आमच्या आजीला कुणी सांगितलं असतं की तांदूळ निवडणं हा विलायती अभ्यासक्रम आहे, तर तिनं आणखी एक सूप पुढे सरकवलं असतं. फरक मात्र मोठा आहे. माँटेसोरीबाईंच्या वर्गात मूल स्वतःसाठी ओततं, सांडलं तर पुसतं. आमच्याकडे सांडलं तर श्रावणातली कुरडई गेली. आमची शाळा कडक होती कारण तिचा माल खरा होता.

मग त्या मालाला बाजार मिळाला. गिरगावात १५ मार्च १९५९ या दिवशी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन चाळीच्या गच्चीवर पापड लाटले आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. पहिल्या वर्षी पावसाळ्यात चार महिने त्यांना काम थांबवावं लागलं, पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. कोणत्याही मराठी घरातली बाई हा उपाय ओळखेल, बाळंतिणीची खोली अशीच ऊबदार ठेवतात. पहिल्या तीन महिन्यांतच सातच्या पंचवीस झाल्या होत्या. पुढे सभासद इतक्या वाढल्या की जागा पुरेना, मग मळलेलं पीठ घरी न्यायचं आणि लाटलेले पापड आणून वजन करून द्यायचे, अशी रीत पडली. सुरुवातीच्या वर्षांत लहान मुलीही येऊ शकत होत्या. नंतर किमान वय अठरा ठरलं. ते योग्यच झालं, त्याबद्दल दुमत नको. पण इतिहास म्हणून नोंदवायला हवं की त्या एका नियमानं पापडाच्या दोन वस्तू झाल्या. बाजारातला पापड प्रौढ बाईची मजुरी झाला. घरातला पापड, जो पोरांना शिकवायचा, तो हळूहळू थांबला, कारण पुडा दुकानात मिळू लागला आणि तो वाईट नव्हता.

शेवयांचं यंत्र आलं तेव्हा मात्र पोरं खूष झाली. पूर्वी शेवया पाटावर हातानं ओढायच्या, आजी धागा काढायची आणि आम्ही तो काठीवर झेलून दोरीवर नेऊन टाकायचो. लोखंडी यंत्र खाटेच्या कडेला स्क्रूनं घट्ट बसवलं की एकानं दांडा फिरवायचा, दुसऱ्यानं पीठ दाबायचं, तिसऱ्यानं खालून धरायचं. दांडा फिरवायला मुलगे आपणहून येत. मी तेव्हाच पाहिलं की यंत्र असलं की मुलग्याला त्या कामाची लाज वाटत नाही. आज गावोगावी उन्हाळ्यात विजेच्या यंत्रांची शेड लागते. रवा द्यायचा, तासाभरात शेवया घेऊन यायच्या. चालवणारे बहुतेक पुरुष.

माझ्या धाकट्या भावाला राखण, मोजणी, सोऱ्या दाबणं, गिरणीवर नंबर लावणं एवढं आलं. मुलगा दहा-अकरा वर्षांचा झाला की त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर काढत, जणू त्याची तिथली मुदत संपली. मी त्याच वयात आत ओढली गेले. त्याची बायको गेल्या वर्षी आजारी पडली तेव्हा त्यानं फोनवर विचारलं, "ताई, वरणाला पाणी किती घालू?" सत्तरीचा माणूस. हसू आलं, आणि रागही आला, पण त्याचा नाही. त्या पद्धतीनं पोरांना काम दिलं हा तिचा दोष मी मानत नाही. निम्म्या पोरांची शाळा तिनं मधेच सोडवली, हा मानते.

आता एक विनंती. या सगळ्याचे पुरावे फार थोडे उरले आहेत. आत्याची १९६२ ची खर्चाची वही माझ्याजवळ आहे. तेव्हा किलो नुकतेच सक्तीचे झाले होते, पण तिनं उडीद पायलीत लिहिले आहेत, चार शेरांची पायली. पुढे कंसात दुकानदाराचे किलो, त्याखाली शेकड्यानं पापड, किती कुणाकडे पाठवले, कुटणाऱ्या बायकांना काय दिलं. महाराष्ट्रातल्या बायकांच्या कामाचा आणि मुलांच्या शिकण्याचा इतिहास अशा वह्यांत आहे, आणि घर रंगवायला काढलं की त्या रद्दीत जातात. तुमच्याकडे आजीची, काकूची, सासूची अशी वही असेल तर ती टाकू नका. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर याच सुट्टीत त्यांच्याशेजारी बसा, कोणत्या वयात कोणतं काम मिळालं ते विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या बायकांची नावं आठवत असतील तर तीही लिहा.